छोट्या पडद्यावरचे देव

महाकाव्य दूरचित्रवाणीवर आणताना सगळ्यात अवघड जागा देवांची असते. युद्ध, राजवाडे, जहाजे, वादळे यांचा खर्च आधी मांडता येतो. पैसे कमी पडले तर हजारोंच्या सैन्याऐवजी शंभर माणसांवर भागवता येते. देवाचे तसे नाही. तो पडद्यावर आणायचा ठरला की दोन गोष्टींचा निकाल तिथल्या तिथे लावावा लागतो. एक, तो कोणाकोणाला दिसतो. आणि दुसरी, तो शेजारी उभा असताना माणसाने जे केले त्याचा कर्ता कोण. होमरचे ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ असो की व्यासांचे महाभारत, शब्दांत हा निकाल टांगता ठेवता येतो. कॅमेऱ्यापुढे तो टांगता राहत नाही. म्हणून हा प्रश्न दिग्दर्शकाच्या टेबलावर आला तरी मुळात तो धर्मचिंतनाचा आहे, आणि त्याचे उत्तर चुकले तर कथा कितीही थाटात मांडली तरी हाती वेगळेच काव्य येते.

‘इलियड’च्या पहिल्याच सर्गात या अडचणीचा नमुना आहे. अगामेम्नॉन भर सभेत अकिलीसला धमकी देतो की तुझ्या वाट्याला आलेली ब्रिसेइस मी काढून नेईन. अकिलीसचा हात तलवारीच्या मुठीवर जातो, पाते म्यानातून बाहेर येऊ लागते, आणि तेवढ्यात अथीना मागून येऊन त्याचे केस धरते. सभेतल्या दुसऱ्या कोणालाही ती दिसत नाही. तो दचकून वळतो आणि तिच्या डोळ्यांतल्या तेजावरून तिला ओळखतो. तुझा राग आवरायला आले आहे, पण तू ऐकणार असलास तर, असे ती सांगते. आज थांबलास तर पुढे तिप्पट भरपाई मिळेल, असेही सांगते. अकिलीसचा संताप कमी झालेला नसतो, तरीही तो तलवार परत म्यानात ढकलतो. अथीना सगळ्यांच्या देखत दाखवली तर सभेतले बाकीचे वीर आंधळे ठरतात. ती गाळली आणि अकिलीस आपणहून थांबला असे दाखवले तर प्रसंग समजायला सोपा होतो, पण होमरचा राहत नाही. सगळे वजन तिने घातलेल्या अटीत आहे. देवी हुकूम सोडत नाही, ती विचारते. ऐकायचे की नाही हे अकिलीसच ठरवतो. आणि तरीही ती आली नसती तर त्या क्षणी अगामेम्नॉनचा मुडदा पडला असता, यातही शंका नाही.

ग्रीक काव्याच्या अभ्यासकांनी या रचनेवर बराच विचार केला आहे. ई. आर. डॉड्स यांनी १९५१च्या ‘द ग्रीक्स अँड द इर्रॅशनल’ या ग्रंथात, आणि त्यानंतर दहा वर्षांनी आल्बिन लेस्की यांनी हे दाखवले की होमरच्या जगात एकाच कृत्याला देव आणि माणूस अशी दोन पूर्ण कारणे असतात. अर्धे श्रेय देवाचे आणि अर्धे माणसाचे अशी वाटणी तिथे नाही. एकोणिसाव्या सर्गात अगामेम्नॉन म्हणतो की झ्यूसने, नियतीने आणि अंधारात फिरणाऱ्या एरिनिस या सूडदेवतेने आपली बुद्धी भ्रष्ट केली. आधुनिक वाचकाला ही पळवाट वाटते. पण त्याच भाषणात तो नुकसानभरपाई देऊ करतो, आणि ती भरघोस देतो. दैवाने भुलवले हे खरे, आणि देणे माझेच हेही खरे. ‘ओडिसी’च्या आरंभी झ्यूस तक्रार करतो की माणसे स्वतःच्या मूर्खपणाने नशिबात नसलेलीही दुःखे ओढवून घेतात आणि बोल मात्र देवांना लावतात. त्याने दिलेले उदाहरण अगामेम्नॉनला मारणाऱ्या एजिस्थसचे आहे. हर्मीसला पाठवून त्याला आधी बजावले होते, तरी त्याने करायचे ते केलेच.

भारतीय वाचकाला हे परके वाटू नये. अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना थेट विचारतो की दैव मोठे की पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न. तिथे मिळणारे उत्तर शेतकऱ्याच्या जगातले आहे: प्रयत्न हे शेत, दैव हे बी, एकावाचून दुसऱ्याला पीक नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. दैव शेवटी येते, पण यादीतून गळत नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेले ‘गीतारहस्य’ या पाचांपैकी कर्त्याच्या बाजूने जोर लावते. तरी पाचवे कारण खोडण्याचे कारण टिळकांनाही पडले नाही. दोन्ही परंपरांचे म्हणणे इथे जुळते. देव काढला की माणूस मोठा होतो, असे दोघींपैकी कोणीही मानत नाही.

या दोन परंपरा एकमेकींना अगदीच अनोळखीही नव्हत्या, आणि त्यांची गाठ पडण्याच्या वाटांपैकी एक वाट आजच्या पनवेलच्या परिसरातून जाते. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण आणि चौल या बंदरांची नावे आहेत. कल्याण उत्तरेला, चौल दक्षिणेला, आणि मधल्या खाडीमुखांवरून बोरघाटाकडे चढणारा रस्ता. घाट चढला की कार्ले येते. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर स्वतःला यवन म्हणवणाऱ्या, धेनुकाकट गावच्या दात्यांचे लेख आहेत. याच सुमाराला, पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सांध्यावर, दिओ क्रिसोस्टोम हा ग्रीक वक्ता लिहितो की हिंदी लोक होमरचे काव्य आपल्या भाषेत गातात. प्रायमचे दुःख, अँड्रोमॅकी आणि हेक्युबा यांचे विलाप, अकिलीस आणि हेक्टर यांचे शौर्य त्यांना ठाऊक आहे. अभ्यासकांचा कल असा की दिओच्या कानावर महाभारताची वार्ता गेली असावी आणि तिलाच तो होमर समजला असावा. समजूत चुकीची असेल, पण ती होण्याजोगी होती हेच मोलाचे आहे. म्हातारा राजा, मेलेले मुलगे, रणांगणावर धाय मोकलणाऱ्या स्त्रिया: ऐकणाऱ्याला दोन्हीकडे एकच गोष्ट ऐकू आली.

ऐकू आली, हे इथे महत्त्वाचे आहे. दोन्ही काव्ये शतकानुशतके कानांसाठी होती. मिलमन पॅरी यांनी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियातल्या निरक्षर गायकांची ध्वनिमुद्रणे करून होमरच्या मागची मौखिक रीत उलगडली. त्या रीतीचे एक दूरचे भावंड पनवेल, उरण, पेण, अलिबाग या तालुक्यांतल्या आगरी समाजात आहे. तिथल्या लग्नात धवलारीण धवले गाते. हळदीपासून पुढच्या विधींपर्यंत तिचे गाणे चालू असते. ते गाणे हाच विधी, आणि ती बाई हीच पुरोहित. धवल्यांत देवांना लग्नाचे आमंत्रण जाते. ते येतात, बसतात, कार्याला हातभार लावतात, आणि मांडवात एकही देव कोणाला दिसत नाही. तो गाण्यात आलेला असतो, तेवढे पुरते. देव आला म्हणून नवरीच्या आईचे रडू खोटे ठरत नाही आणि मांडव घालणाऱ्यांचे कष्टही देवाच्या नावावर जात नाहीत. दोन्ही पातळ्या एकाच आवाजात नांदतात. लिहिलेल्या तत्त्वज्ञानाला जे समजावून सांगावे लागते ते इथे गाता गाता होऊन जाते.

नारदीय कीर्तनाने याच गोष्टीला शिस्त लावली. पूर्वरंगात बुवा एखादा अभंग घेऊन त्यावर निरूपण करतात, म्हणजे प्रश्न आधी मांडला जातो. मग नामस्मरण, आणि उत्तररंगात आख्यान. आख्यानातला देव बुवांच्याच तोंडून बोलतो आणि पुढच्या क्षणी तेच तोंड भक्ताचे होते. श्रोत्याला एक माणूस दिसत असतो आणि दोघे ऐकू येत असतात. १९८८च्या ‘महाभारत’ मालिकेत प्रत्येक भागाच्या आरंभी हरीश भिमानी यांच्या आवाजात बोलणारा ‘समय’ येतो, तो या पूर्वरंगाचाच वारस मानायला हवा. इटलीच्या सरकारी दूरचित्रवाणीने १९६८ साली ‘ओडिसी’वर मालिका काढली तेव्हाही जवळपास हेच घडले. फ्रँको रोसी यांच्या त्या मालिकेत बेकिम फेहमिउ ओडिसियस आणि इरीनी पापास पेनेलोपी होती. भागाच्या सुरुवातीला मात्र ऐंशी वर्षांचे कवी जुझेप्पे उंगारेत्ती प्रेक्षकांना होमर वाचून दाखवत. चित्र सुरू होण्याआधी शब्दाने आपली जागा सांगून ठेवावी, ही गरज दोन्हीकडे ओळखली गेली.

प्रसारणाच्या युगात मराठीने या प्रश्नाला दिलेले सर्वांत समर्थ उत्तर चित्राविनाच दिले. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायणाचे प्रसारण सुरू झाले. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे. दर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षाची ५२ गीते व्हायची होती. त्या वर्षी अधिक मास आल्याने ती ५६ झाली. माडगूळकरांनी प्रत्येक गीत एकेका पात्राच्या तोंडी घातले, आणि ही निवड साधी नाही. राम बोलतो तेव्हा ऐकणाऱ्याला वनवासाला निघालेला मुलगा, भाऊ, नवरा भेटतो. कौसल्या, भरत, शबरी बोलतात तेव्हा त्यांना दिसलेला राम भेटतो. देवत्व नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेतून येते. रामाच्या चेहऱ्यामागे फिरणारे तेजोवलय कोणालाही रंगवावे लागत नाही. रेडिओला शरीर नसते, आणि ही उणीव तिथे पुण्य ठरली. ज्याच्या घरी जो राम होता तोच त्याला ऐकू आला.

पडद्यावर शरीर टाळता येत नाही. दादासाहेब फाळके यांच्या १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या. आजच्या प्रेक्षकाला हे चमत्कारिक वाटेल. त्या काळच्या प्रेक्षकाला वाटले नाही, कारण नटाचे शरीर हे देवाचे तात्पुरते बिऱ्हाड आहे हे कीर्तन, लळित आणि दशावतार पाहिलेल्या माणसाला शिकवावे लागत नव्हते. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी रामानंद सागर यांचे ‘रामायण’ दूरदर्शनवर येऊ लागले आणि १९८८ ते १९९० या काळात बी. आर. चोप्रा यांच्या ‘महाभारता’चे ९४ भाग झाले, तेव्हा ही समज बदलली. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या उमरगावात ‘रामायणा’चे चित्रीकरण चालले होते. मालिकेच्या वेळी रस्ते ओस पडत, दूरदर्शन संचाला हार घातले जात, आंघोळ करून पुढे बसण्याचा रिवाज घरोघरी पडला. या भक्तीला हसण्याचे काहीच कारण नाही. दर्शन ही एका बाजूने पाहण्याची क्रिया नाही. देवाने आपल्याकडे पाहणे हाही तिचा भाग आहे, आणि कॅमेऱ्याकडे शांतपणे पाहणाऱ्या रामाच्या जवळून घेतलेल्या चेहऱ्याने ती गरज खरोखर भागवली.

तरी एक फरक उरतो, आणि तो समजायला पेण उपयोगी पडते. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की थोड्या वेळात हे गाव येते. इथल्या कारखान्यांत वर्षभर गणपती घडतात. साच्यातून निघालेली मूर्ती वाळते, घासली जाते, रंगते, आणि शेवटी डोळ्यांची आखणी होते. हे काम सरावलेल्या हाताकडेच देतात, कारण बुबुळाची रेघ केसभर चुकली तर मूर्तीची नजर भलतीकडेच वळते. एवढे झाले तरी फळीवर मांडलेली ती मूर्ती अजून मालच असते; तिची किंमत ठरते, ती टेम्पोत गवत घालून भरली जाते. घरी चौरंगावर प्राणप्रतिष्ठा झाली की ती देव होते, आणि विसर्जनाला पुन्हा माती. देव किती काळ इथे आहे याची सुरुवात आणि शेवट ठरलेले असतात, आणि ते यजमानाच्या शब्दाने होतात. छोट्या पडद्यावरच्या देवाला आवाहन नाही आणि विसर्जनही नाही. भाग संपला तरी नटाच्या चेहऱ्यावरून देव उतरत नाही. सीता झालेल्या दीपिका चिखलिया १९९१ साली लोकसभेवर निवडून गेल्या, त्याच वर्षी रावण झालेले अरविंद त्रिवेदीही गेले, आणि श्रीकृष्ण झालेले नितीश भारद्वाज १९९६ साली. पशुवैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या या मराठी नटाचे हसू पुढे कित्येक घरांत कृष्णाचेच हसू होऊन राहिले. ज्याला जायला सांगण्याची सोयच नाही अशा देवाचा भार कथेला पेलावा लागतो, आणि तो कुठे पेलवत नाही हे द्यूतसभेत दिसते.

त्या सभेबद्दल महाभारताचा पाठ काय सांगतो ते आधी पाहावे लागते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले. वि. स. सुकथनकर यांनी त्याला पद्धतीची बैठक दिली, त्यांच्यानंतर श्री. कृ. बेलवलकर आणि प. ल. वैद्य यांनी ते पुढे नेले, आणि १९६६ साली ते पुरे झाले. त्यातले सभापर्व अमेरिकन संस्कृतज्ञ फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादित केले. हस्तलिखितांची साक्ष पाहून त्यांनी द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचा भाग मुख्य पाठाबाहेर ठेवला. उरलेल्या पाठात दुःशासन वस्त्र ओढतो आणि तसेच दुसरे वस्त्र प्रकट होते, पुन्हा ओढतो, पुन्हा प्रकट होते. कोणी पुरवले, हे सांगितलेलेच नाही. पुढे वनपर्वात कृष्ण येतो आणि म्हणतो की आपण तेव्हा शाल्वाशी लढण्यात गुंतलो होतो, द्वारकेत असतो तर न बोलावताही येऊन द्यूत थांबवले असते. उद्योगपर्वात तो म्हणतो की दूर असलेल्या मला द्रौपदीने गोविंद म्हणून हाक मारली, ते ऋण वाढतच चालले आहे आणि मनातून जात नाही.

ही तीन स्थळे एकत्र ठेवली की केवढी खोल रचना समोर येते. हाक गेली होती. वस्त्र वाढले होते. आणि ज्याला हाक गेली तो स्वतःला ऋणी समजतो, म्हणजे आपण पोचलो नाही ही सल त्याला आहे. द्रौपदीला वाचवले ते कृष्णाने, धर्माने की तिच्या स्वतःच्या सत्याने, याचे उत्तर व्यास देत नाहीत. मालिकेला उत्तर द्यावे लागले. पडद्यावर वरच्या बाजूला कृष्ण दिसतो आणि त्याच्या हातातून वस्त्राचा लोट खाली वाहतो. भाविकांच्या परंपरेत ही प्रतिमा फार जुनी आहे, तेव्हा मालिकेने ती मनाची घातली असे म्हणता येणार नाही. नुकसान दुसरीकडे होते. द्रौपदीने सभेला विचारले होते की स्वतःला हरलेल्या माणसाला पत्नी पणाला लावण्याचा अधिकार उरतो का. मालिकेतही हा प्रश्न ठळकपणे येतो. महाभारतात तो शेवटपर्यंत अनुत्तरित राहतो. भीष्म धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून थबकतात, आणि अखेर धृतराष्ट्र अपशकुनांना भिऊन वर देतो. सभेची लाज सभेवरच राहते. वरून हात आला की प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो, हात जोडतो, आणि गप्प बसलेल्या वृद्धांवरची त्याची नजर हटते. त्या वृद्धांवर नजर खिळवून ठेवणे हेच त्या पर्वाचे काम आहे.

देव कोणाला दिसतो, या पहिल्या प्रश्नाकडे वळले तर दोन्ही काव्ये चकित करणारा सारखेपणा दाखवतात. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुनाला विश्वरूप दाखवण्याआधी कृष्ण सांगतो की तुझ्या या डोळ्यांना ते दिसणार नाही, म्हणून दिव्य दृष्टी देतो. संजयालाही ते दिसते ते व्यासांच्या कृपेने. ‘इलियड’च्या पाचव्या सर्गात अथीना डायोमिडीसच्या डोळ्यांवरचे धुके दूर करते, तेव्हा कुठे त्याला रणांगणावर देव कोण आणि माणूस कोण हे ओळखता येते. ‘ओडिसी’च्या सोळाव्या सर्गात अथीना झोपडीच्या दाराशी उभी राहते. ओडिसियसला ती दिसते, टेलिमॅकसला दिसत नाही. कुत्र्यांना दिसते, आणि ती भुंकत नाहीत, केकाटत कोपऱ्यात पळतात. कवीचे म्हणणे सरळ आहे की देव सगळ्यांना उघड दिसत नसतात. दिसणे ही पात्रता आहे किंवा देणगी आहे.

कॅमेरा मात्र सगळ्यांना सारखेच दाखवतो. चहाचा कप हातात घेऊन बसलेल्या माणसाला विश्वरूप दिसले तर अर्जुनाला मिळालेल्या दृष्टीला अर्थ काय उरला? अनेक मुखांचे, वाढत जाणारे, अग्नी ओकणारे रूप पडद्यावर दाखवण्यात तंत्राचा पराक्रम असेल, पण त्यात अर्जुन होण्याची अट गळून पडते. ज्ञानेश्वरांनी हा अध्याय खुलवताना अर्जुनाच्या भांबावण्यावर, भयावर आणि जुने सौम्य रूप परत मागण्याच्या त्याच्या आर्ततेवर ओवीमागून ओवी खर्च केली आहे. दिग्दर्शकाला वाट तिथेच सापडावी: रूपापेक्षा अर्जुनाचा चेहरा दाखवावा. होमरने तर वाट आखूनच ठेवली आहे. भेदरलेली कुत्री दाखवली की अथीना आली हे कोणालाही कळेल.

पाश्चात्त्य रूपांतरांचा अनुभव याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. २००४च्या ‘ट्रॉय’ या चित्रपटाने देव जवळजवळ पूर्ण गाळले. दहा वर्षांचे युद्ध काही आठवड्यांचे झाले, आणि अपोलोच्या पुतळ्याचे मुंडके उडवणारा अकिलीस देवांना जुमानत नाही एवढेच उरले. राग, लोभ, कीर्ती हे हेतू शिल्लक राहिले, पण ते फार लहान वाटू लागले. १९९७ साली आंद्रेई कोंचालोव्स्की यांनी अमेरिकन दूरचित्रवाणीसाठी केलेल्या ‘ओडिसी’त देव आहेत, इझाबेला रोसेलिनी अथीना आहे, तरी एक बदल सगळ्याला वळण देतो. होमरच्या पोसायडनचा कोप होतो तो आपल्या मुलाला, पॉलिफीमसला, आंधळे केल्यामुळे. मालिकेत ओडिसियस ट्रॉय पडल्यावर समुद्रासमोर बढाई मारतो, मला देवांची गरज नाही म्हणतो, आणि समुद्रदेव त्याला धडा शिकवायला निघतो. बापाच्या सूडाची गोष्ट गर्वहरणाची झाली. देव शिक्षक झाला. देव फक्त चांगल्याचाच कर्ता असतो, त्याला रूपे पालटून भुलवताना दाखवू नये, असे प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात बजावले होते आणि होमरला त्यासाठी दोषी धरले होते. विसाव्या शतकाच्या पडद्याने होमरपेक्षा प्लेटोचेच ऐकलेले दिसते. बीबीसी आणि नेटफ्लिक्स यांच्या २०१८च्या आठ भागांच्या ‘ट्रॉय: फॉल ऑफ अ सिटी’त देव परतले आणि माणसांच्या गर्दीतून वावरू लागले. कल्पना होमरच्या जवळची होती, पण माणसांना त्यांच्याशी बोलायला फारसे काही उरले नव्हते.

देव वजा करण्याचा प्रयोग मराठीतही झाला, आणि तो कितीतरी कसदार आहे. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ला १९६८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात चमत्कार बाजूला ठेवून कुंती, गांधारी, द्रौपदी, कर्ण आणि कृष्णही माणसे म्हणून तपासली आहेत. तिथे वजाबाकी जमते, कारण इरावतीबाई काढलेल्या देवाच्या जागी कुळ, वारसा, वर्णव्यवस्था, स्त्रीचे पारतंत्र्य यांचा तेवढाच जड भार ठेवतात. माणसाच्या डोक्यावरचे ओझे कमी होत नाही. पडद्यावर देव काढणारे बहुधा ते ओझेच काढून टाकतात.

१९८८-९०च्या ‘महाभारत’ मालिकेचा शेवट भीष्मांच्या देहत्यागापाशी होतो. त्यापुढची पर्वे तिच्यात नाहीत. मौसलपर्व नाही, म्हणजे यादवांनी दारूच्या नशेत एकमेकांना मारणे नाही, आणि जरा नावाच्या व्याधाच्या बाणाने झालेला कृष्णाचा अंतही नाही. ऑलिंपसच्या देवांना मरण नसते, त्यामुळे त्यांची भांडणे हलकी राहतात आणि ‘इलियड’मधला सगळा शोक माणसांच्या वाट्याला येतो. कृष्ण मरतो. माणसाचे शरीर घेतल्याची पूर्ण किंमत तो देतो. ज्या चेहऱ्यापुढे दर रविवारी देशाने हात जोडले तो चेहरा झाडाखाली बाण लागून पडलेला दाखवणे कोणत्याही निर्मात्याला जड गेले असते.

त्याच न दाखवलेल्या भागात, आश्वमेधिकपर्वात, उत्तंक ऋषी कृष्णाला वाटेत गाठतो. युद्धाची बातमी त्याला तेव्हाच कळते, आणि तू समर्थ असून हे का थांबवले नाहीस म्हणून तो शाप द्यायला उठतो. कृष्ण त्याला शांत करतो, विश्वरूपही दाखवतो, पण उत्तर साध्या शब्दांत देतो. ज्या योनीत जन्म घेतो त्या योनीसारखे वागतो. देवांत देवासारखे, गंधर्वांत गंधर्वासारखे. माणूस होतो तेव्हा माणसासारखीच कौरवांची मनधरणी केली, भयही दाखवले, त्यांनी ऐकले नाही. अथीनेने अकिलीसला घातलेली अट आणि कृष्णाने कौरवांकडे केलेली मनधरणी, दोन्हींत देव माणसाच्या उत्तराची वाट पाहतो. अकिलीसने ऐकले, दुर्योधनाने ऐकले नाही.